नव्या लॅपटॉपवर 'डब्ल्यूएचईए-लॉगर १७' या नोंदी पुन्हा पुन्हा येत आहेत. लॅपटॉप परत करावा का?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नुकत्याच घेतलेल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. वापरताना कसलीही अडचण जाणवत नाही. तो अडकत नाही, आपोआप बंद पडत नाही आणि निळा पडदाही आजवर दिसलेला नाही. मात्र प्रिंटर जोडताना आलेल्या एका अडचणीचा माग काढण्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तेव्हा 'सिस्टिम' लॉगमध्ये पिवळ्या त्रिकोणाच्या शेकडो नोंदी ओळीने लागलेल्या आढळल्या. प्रत्येक नोंदीचा स्रोत 'डब्ल्यूएचईए-लॉगर' आहे, इव्हेंट आयडी १७ आहे आणि मजकूर 'अ करेक्टेड हार्डवेअर एरर हॅज ऑकर्ड' असा आहे. त्याखाली घटक म्हणून 'पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट', बस-डिव्हाइस-फंक्शन या ओळीत अनुक्रमे ०, १सी आणि ०, तर व्हेंडर आयडी म्हणून ८०८६ असे लिहिलेले आहे.

विंडोजची मेमरी चाचणी केली, डिस्कची तपासणी केली, कंपनीने सोबत दिलेली निदान-प्रणालीही पूर्ण चालवली. सगळीकडे हिरवी खूण मिळाली. कंपनीच्या ग्राहक सेवेने विंडोज नव्याने टाकायला सांगितले, तेही केले, परंतु त्याच संध्याकाळी नोंदी पुन्हा सुरू झाल्या. विक्रेत्याची बदलीची मुदत आता संपत आली आहे. 'हार्डवेअर एरर' हे शब्द नव्या कोऱ्या यंत्रावर वाचून जीव टांगणीला लागला आहे. मदरबोर्ड सदोष असेल का, माझ्या माहितीला काही धोका आहे का, आणि मुदत संपण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

सांडगी मिरची (उत्तर)

माझा सल्ला थोडक्यात असा की इव्हेंट व्ह्यूअर बंद करावा आणि लॅपटॉप सुखाने वापरावा. अगदी ठणठणीत यंत्राच्या लॉगमध्येही पिवळे त्रिकोण आणि लाल गोल असतातच. 'डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६' ही नोंद तर जवळजवळ प्रत्येक विंडोजवर दिसते आणि ती दुर्लक्षिली तरी चालेल असे खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवले आहे. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे' असे फोनवर सांगणारे ठगही समोरच्याला हीच खिडकी उघडायला लावतात, कारण तिथे घाबरवण्यासाठी माल नेहमीच तयार असतो.

बोरू (उत्तर)

सांडगी मिरची यांचे म्हणणे १००१६ च्या बाबतीत खरे आहे, परंतु डब्ल्यूएचईएच्या नोंदींना तोच न्याय लावता येणार नाही. १००१६ ही परवानग्यांबाबत सॉफ्टवेअरने केलेली कुरकुर असते. डब्ल्यूएचईए ही यंत्रणा मात्र व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे आणि प्रोसेसर, मेमरी किंवा पीसीआय एक्सप्रेस (प्रोसेसरला वायफाय कार्ड, एसएसडी अशी उपकरणे जोडणारी माहितीची वाट, म्हणजे 'बस') यांच्या हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या चुकाच ती नोंदवते. म्हणून नोंद खोटी नाही. ती किती गंभीर आहे, एवढाच प्रश्न उरतो.

आधी आयडी क्रमांकांकडे पाहावे. १७ ही पीसीआय एक्सप्रेसवरची दुरुस्त झालेली चूक आहे. त्याच लॉगमध्ये १८ दिसला असता तर गोष्ट वेगळी होती, कारण ती प्रोसेसरने कळवलेली, दुरुस्त न होणारी चूक असते आणि तिच्यासोबत सहसा यंत्र अचानक बंद पडलेले असते. १९ म्हणजे प्रोसेसरमधली दुरुस्त झालेली चूक, ४७ म्हणजे मेमरीमधली. नव्या लॅपटॉपवर १९ किंवा ४७ नियमाने येत असते, तर मी आणखी चौकशी न करता यंत्र बदलून घ्यायला सांगितले असते. तेव्हा लॉगला स्रोतानुसार गाळणी लावून, फक्त डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी समोर आणून, त्यांत १७ शिवाय दुसरा क्रमांक नाही ना याची प्रथम खात्री करून घ्यावी.

'दुरुस्त झालेली' म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले की माहितीच्या धोक्याबद्दलची भीती बरीच कमी होते. पीसीआय एक्सप्रेसवर पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाला अनुक्रमांक आणि ३२ बिटांची तपासणी-बेरीज जोडलेली असते. घेणाऱ्याने पाकीट नीट मिळाल्याची पोच देईपर्यंत पाठवणारा त्याची प्रत स्वतःकडे ठेवतो. पाकीट बिघडलेले पोहोचले किंवा पोच वेळेत आली नाही, तर तेच पाकीट पुन्हा पाठवले जाते. हे सगळे हार्डवेअरच्या पातळीवर घडते, विंडोजला फक्त नंतर खबर मिळते. त्यामुळे आयडी १७ मुळे तुमच्या फायली बिघडत नाहीत.

या बसच्या प्रमाणित मर्यादेतही काही चुका गृहीत धरलेल्या आहेत. पाचव्या पिढीपर्यंतच्या पीसीआय एक्सप्रेससाठी ठरवलेले प्रमाण एक लाख कोटी बिटांमागे एक चूक असे आहे. तिसऱ्या पिढीची एक लेन, म्हणजे जोडणीतली एक मार्गिका, सेकंदाला ८०० कोटी बिट वाहते, म्हणजे ती सतत पूर्ण वेगाने चालली तर दर १२५ सेकंदांना एक चूक झाली तरी कागदोपत्री ती नियमांत बसते. प्रत्यक्षात चांगली जोडणी याहून कितीतरी स्वच्छ चालते आणि दिवसचे दिवस एकही नोंद होत नाही. तरीही एखाददुसऱ्या नोंदीवरून, किंवा यंत्र सुरू होताना अथवा झोपेतून उठताना आलेल्या नोंदीवरून, कोणताही निष्कर्ष काढू नये. तुमच्याकडे शेकडो आहेत, म्हणून शोध घेणे योग्यच ठरते.

आता शोध कुठे घ्यायचा? नोंदीत रूट पोर्टचे नाव आहे आणि ८०८६ हा इंटेलचा व्हेंडर क्रमांक आहे, म्हणून बहुतेक लोक चिपसेटच्या ड्रायव्हरमागे लागतात किंवा मदरबोर्डला दोष देतात. अनेकदा हा प्रकार आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा होतो. रूट पोर्ट हे जोडणीचे प्रोसेसरकडचे टोक आहे आणि तक्रार त्याने नोंदवली, एवढेच त्या ओळीवरून कळते. दुसऱ्या टोकाला कोणते उपकरण आहे ते ती ओळ सांगत नाही.

ते शोधण्याची रीत अशी. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'व्ह्यू' मेनूतून 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडावे. एसीपीआयच्या फांदीखाली पीसीआय एक्सप्रेस रूट कॉम्प्लेक्स आणि त्याखाली अनेक रूट पोर्ट दिसतील. प्रत्येकाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' या ओळीत 'पीसीआय बस ०, डिव्हाइस २८, फंक्शन ०' अशा धर्तीचा पत्ता असतो. इथे एक मेख आहे: इव्हेंट व्ह्यूअर हे आकडे षोडशमान (हेक्स) पद्धतीने लिहितो, डिव्हाइस मॅनेजर दशमान पद्धतीने. तुमचा १सी म्हणजे १६ अधिक १२, अर्थात २८. डिव्हाइस २८, फंक्शन ० असलेला रूट पोर्ट शोधावा आणि त्याच्या पोटात कोणते उपकरण लटकले आहे ते पाहावे. लॅपटॉपमध्ये अशा ठिकाणी बहुधा वायफाय कार्ड, एसएसडी किंवा मेमरी कार्ड वाचणारी चिप सापडते.

दुसरी गोष्ट नोंदीच्या 'डिटेल्स' या पानावर आहे आणि तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. तिथे 'करेक्टेबल एरर स्टेटस' या नावाची एक संख्या असते. ती १ असेल तर घेणाऱ्याला विद्युत संकेतच नीट वाचता आला नाही. ४० असेल तर माहितीचे पाकीट बिघडले, ८० असेल तर पोच देणारे छोटे पाकीट बिघडले. १०० असेल तर पुन्हा पुन्हा पाठवूनही पोच न आल्याने जोडणी नव्याने जुळवावी लागली. १००० असेल तर पोच ठरलेल्या वेळेत आली नाही. हे आकडेही षोडशमान आहेत, आणि एकाहून अधिक प्रकार एकदम घडले तर त्यांची बेरीज दिसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: नोंदी किती आहेत यापेक्षा त्या केव्हा येतात ते पाहावे. मोठी फाइल उतरवून घेताना किंवा एसएसडीवर भरपूर लेखन चालू असताना नोंदी वाढतात, की यंत्र नुसते पडून असताना? चार्जर लावलेला असताना येतात की बॅटरीवर? वाहतुकीच्या प्रमाणात चुका वाढत असतील तर संकेताच्या मार्गातच दोष असतो, मग तो सैल बसलेले कार्ड असो, कनेक्टर असो किंवा बोर्ड. यंत्र निवांत असतानाच चुका होत असतील, तर संशय वीजबचतीच्या व्यवस्थेवर घ्यावा लागतो. एवढे पाहून इथे कळवावे.

पाऊलवाट

बोरू यांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे तपासले. गाळणी लावल्यावर फक्त १७ क्रमांकाच्याच नोंदी राहिल्या, १८, १९ किंवा ४७ एकही नाही. डिव्हाइस २८, फंक्शन ० या रूट पोर्टखाली वायफाय कार्ड आहे; एसएसडी वेगळ्याच पोर्टवर, डिव्हाइस ६ खाली आहे. 'करेक्टेबल एरर स्टेटस'ची संख्या जितक्या नोंदी उघडून पाहिल्या तितक्यांत १००० हीच होती.

वेळेबद्दलचे निरीक्षण मलाच चकित करणारे आहे. मोठी फाइल उतरवत असताना किंवा व्हिडिओ कॉल चालू असताना एकही नोंद होत नाही. मी उठून चहाला गेलो आणि लॅपटॉप बॅटरीवर नुसता उघडा राहिला, की परत येईपर्यंत नोंदींची रांग लागलेली असते. चार्जर लावल्यावर त्या विरळ होतात, पण पूर्ण थांबत नाहीत.

आंबेमोहोर (उत्तर)

मला येथे विजेचा संबंध वाटतो. आपल्याकडे अनेक जुन्या घरांत अर्थिंग नीट नसते, धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते, आणि अशा गळतीमुळे आतल्या चिपांवर परिणाम होऊ शकतो. चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावून पाहावा, आणि वायरमनकडून थ्री-पिन सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.

बोरू (उत्तर)

आंबेमोहोर यांनी सुचवलेले अर्थिंग तपासून घेणे घरातल्या माणसांच्या सुरक्षेसाठी अवश्य करावे, परंतु या नोंदींशी त्याचा संबंध जुळत नाही, कारण चार्जर काढून ठेवलेला असताना त्या जास्त येतात. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग चांगले काय आणि वाईट काय, सारखेच. स्टॅबिलायझरचा खर्च सध्या करू नये.

तुमच्या तिन्ही उत्तरांचा रोख एकाच दिशेला आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये जोडणी रिकामी असताना तिला झोपवून वीज वाचवण्याची सोय असते. तिला एएसपीएम म्हणतात आणि तिच्या पायऱ्या आहेत. एल० एस ही हलकी डुलकी आहे, एल१ ही झोप आहे, आणि नव्या लॅपटॉपांत एल१.१ आणि एल१.२ अशा त्याहून गाढ उपपायऱ्या असतात. एल१.२ मध्ये जोडणीचे घड्याळ थांबते आणि संकेताच्या तारांवरची विद्युत पातळीसुद्धा राखली जात नाही. कार्डाला काम आले की त्याने घड्याळ मागायचे, ते मिळून स्थिरावेपर्यंत थांबायचे, मग जोडणी जागी करायची. जागे व्हायला किती वेळ द्यायचा याचे आकडे दोन्ही टोकांच्या रजिस्टरांत लिहिलेले असतात आणि ते लिहिण्याचे काम मुख्यतः बायोस (यंत्र सुरू करणारे मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) करते. हे आकडे कार्डाच्या प्रत्यक्ष गरजेशी जुळले नाहीत, किंवा कार्डाचे फर्मवेअर (त्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) झोपेतून उठताना अडखळत असेल, तर पोच उशिरा येते, पाठवणारा ते पाकीट पुन्हा पाठवतो आणि १००० ची नोंद पडते.

संकेताच्या मार्गात दोष असता तर ४०, ८० किंवा १ हे आकडे मिसळलेले दिसले असते, आणि मोठी फाइल उतरवताना तर नोंदींचा पाऊस पडला असता. तुमच्याकडे नेमके उलटे होत आहे. मदरबोर्ड सदोष असण्याची शक्यता म्हणूनच मला कमी वाटते.

पडताळणीसाठी एका वेळी एकच बदल करावा. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'पीसीआय एक्सप्रेस' आणि त्याखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' ही ओळ असते. तिच्यात बॅटरी आणि चार्जर यांच्यासाठी वेगवेगळी निवड करता येते: बंद, मध्यम बचत, कमाल बचत. आधी फक्त बॅटरीसाठी ती बंद करावी, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि नेहमीसारखे निवांत सोडून नोंदी पाहाव्यात. मॉडर्न स्टँडबाय (झोपेतही थोडे जागे राहण्याची पद्धत) असलेल्या अनेक लॅपटॉपांवर ही ओळ लपवलेली असते. तिथे ती 'पॉवरसीएफजी' या आज्ञेने दृश्य करून घ्यावी लागते. वायफाय कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा' अशा अर्थाची जी चौकट असते ती वेगळी बाब आहे. तिच्याने उपकरण झोपते, जोडणी नव्हे. दोन्हींची गल्लत करून एकदम दोन्ही बदलली, तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

बायोस आणि वायफाय ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलच्या पानावरूनच घ्यावेत. बायोसला हात लावण्यापूर्वी एक काळजी घ्यावी: नव्या विंडोज ११ लॅपटॉपांवर डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) बहुधा आपोआप चालू झालेले असते, आणि बायोस बदलला की विंडोज रिकव्हरी की मागू शकते. ती ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे हे पाहून, कागदावर उतरवून, मगच पुढे जावे. ही किल्ली न मिळाल्यामुळे होणारे नुकसान तुमच्या या सगळ्या नोंदींनी मिळून होणाऱ्या नुकसानापेक्षा कैक पटींनी मोठे असते.

गिरणगाव (उत्तर)

मी काही काळ लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात होतो, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, लिनक्सच्या मदतीने करता येण्याजोगी उलटतपासणी. उबंटूचा पेन ड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरून लॅपटॉप सुरू करावा आणि थोडा वेळ निवांत ठेवून कर्नलचा लॉग पाहावा. असाच दोष तिथे 'एईआर' (पीसीआय एक्सप्रेसवरच्या चुका कळवणारी सोय) आणि 'करेक्टेड' हे शब्द असलेल्या ओळींत, 'टाइमआउट' असे कारण देऊन उमटतो. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर तीच चूक त्याच पोर्टवर आली, तर विंडोजचा ड्रायव्हर निर्दोष ठरतो आणि बोट बायोस किंवा कार्डाकडे वळते. ग्राहक सेवेच्या 'विंडोज पुन्हा टाका' या ठरीव उत्तराला याहून चांगला प्रत्युत्तराचा कागद नाही. मात्र लिनक्सवर शांतता असली म्हणजे हार्डवेअर निर्मळ आहे असे समजू नये. काही लॅपटॉपांत या चुकांच्या नोंदणीचा ताबा बायोस स्वतःकडेच ठेवते आणि लिनक्सला देत नाही. शिवाय लिनक्स वीजबचतीच्या त्याच गाढ पायऱ्या वापरेल याचीही खात्री नसते. बाहेरून सुरू करतानाही रिकव्हरी की हाताशी असावी, हे बोरू यांचे म्हणणे इथेही लागू आहे.

शोध घेताना 'एईआर बंद करा' असा लिनक्सचा एक उपाय जागोजागी दिसेल. त्याने चूक थांबत नाही, फक्त तिची वार्ता थांबते. लॉगने डिस्क भरून जाऊ लागली, तर तात्पुरता म्हणून तो समजण्यासारखा आहे, असे घडतेही. पण निदान होण्यापूर्वी तो करू नये.

दुसरी गोष्ट सर्व्हिस सेंटरची. वायफाय कार्ड अनेक लॅपटॉपांत एम.२ च्या छोट्या खाचेत एका स्क्रूने बसवलेले असते, आणि ते काढून पुन्हा बसवणे पाच मिनिटांचे काम आहे. तरीही वॉरंटीत असलेला लॅपटॉप स्वतः उघडू नये. अँटेनाची टिकलीएवढी दोन टोके नखाने ओढताना तुटली, तर मूळ तक्रार बाजूला राहते आणि नवी भांडणे सुरू होतात. काही पातळ लॅपटॉपांत तर कार्ड बोर्डावरच डाग देऊन बसवलेले असते, तिथे उघडून उपयोगही नाही.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर 'लॅपटॉपमध्ये एरर येते' असे सांगितले, तर काउंटरवरचा माणूस कंपनीची निदान-चाचणी चालवतो, ती हिरवी येते आणि जॉब शीटवर 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. ही चाचणी दोन-चार मिनिटांची असते आणि त्या काळात यंत्र कामात गुंतलेले असते. निवांतपणी होणारी चूक तिला सापडणार तरी कशी? म्हणून इव्हेंट व्ह्यूअरमधून गाळलेला लॉग फाइल म्हणून जतन करून पेन ड्राइव्हवर न्यावा, बॅटरीवर निवांत असताना आणि काम चालू असताना अशा दोन्ही वेळांचे स्क्रीनशॉट न्यावेत, आणि जॉब शीटवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी: 'वायफाय कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस पोर्टवर इव्हेंट १७, स्टेटस १०००, बॅटरीवर निवांत असताना वारंवार.' तोंडी सांगून निघून येऊ नये. विक्रेत्याच्या मुदतीत ईमेलने एक लेखी तक्रार गेलेली असणे पुढे फार कामाला येते, मग त्या मुदतीत निकाल लागो न लागो. एवढे करूनही टोलवाटोलवी झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथेही हेच कागद विचारले जातात.

लॅपटॉप बदलून घ्यावा का, यावर माझे मत असे आहे. मूळ दोष बायोसच्या आकड्यांत असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉपही तेच दुखणे घेऊन येईल, आणि पहिल्याचा पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी चांगली निघाली असेल, तर हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे ठरेल. पण वायफाय अधूनमधून तुटत असेल, किंवा झोपेतून उठल्यावर कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून नाहीसे होत असेल, तर मुदत आहे तोवर बदलीच मागावी. तिथे मग नोंदींचा अर्थ लावत बसू नये.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. लिंक स्टेटची ओळ माझ्याकडे खरोखरच लपवलेली होती. ती दृश्य करून फक्त बॅटरीसाठी बंद केली. रात्रभर लॅपटॉप झोपू न देता बॅटरीवर ठेवला, सकाळी डब्ल्यूएचईएची एकही नोंद नव्हती. चार्जर लावला, तिथे जुनीच सेटिंग आहे, आणि तासाभरात नोंदी पुन्हा दिसल्या. चार्जरसाठीही बंद केल्यावर तिकडेही शांतता आहे. वायफाय कधी तुटलेले नाही आणि झोपेतून उठल्यावर कार्ड जागेवरच असते. उबंटूवरही त्याच पोर्टच्या 'टाइमआउट'च्या ओळी आल्या.

विक्रेत्याला आणि कंपनीला लॉगसह ईमेल केला आहे. कंपनीच्या पानावर माझ्या लॅपटॉपसाठी नवा बायोस आलेला दिसतो, मात्र बदलांच्या यादीत 'स्थैर्यात सुधारणा' एवढेच मोघम लिहिले आहे. तो टाकावा का? आणि लिंक स्टेट कायमची बंद ठेवल्याने काही तोटा आहे का?

बोरू (उत्तर)

उबंटूवरही तीच ओळ आली, हे उत्तम झाले. विंडोज आता संशयितांच्या यादीतून बाहेर पडले आणि कंपनीच्या उत्तरात पुन्हा 'विंडोज टाका' आले, तर तुम्हाला तेवढेच दाखवता येईल.

लिंक स्टेट बंद ठेवल्याने हार्डवेअरला इजा होत नाही. तोटा विजेचा आहे, आणि तो केवळ वायफाय कार्डापुरता नाही, कारण ही सेटिंग सगळ्याच पीसीआय एक्सप्रेस जोडण्यांना लागू होते, एसएसडीसुद्धा त्यात आली. शिवाय एखादी जोडणी जागी राहिली, तर प्रोसेसरलाही त्याच्या सर्वांत गाढ झोपेत जाता येत नाही, त्यामुळे निवांत असतानाचा बॅटरीचा खर्च अपेक्षेपेक्षा जास्त वाढू शकतो. बॅटरी किती कमी टिकते ते आपल्या वापरात पाहावे. बहुतेक वेळ लॅपटॉप चार्जरवरच असेल, तर चार्जरसाठी बंद ठेवून बॅटरीसाठी मूळ सेटिंग राहू द्यावी आणि बॅटरीवरच्या नोंदी सहन कराव्यात, हाही शहाणपणाचा व्यवहार आहे. त्या नोंदींनी फायलींचे काही बिघडत नाही हे वर आलेच आहे.

बायोस अवश्य टाकावा. 'स्थैर्यात सुधारणा' या दोन शब्दांखाली कंपन्या अनेकदा नेमक्या अशाच वेळेच्या आकड्यांची दुरुस्ती गुंडाळून देतात. चार्जर लावलेला असावा, बॅटरी पुरेशी भरलेली असावी, कूटबंधन तात्पुरते स्थगित केलेले असावे आणि मधेच पडदा काळा झाला म्हणून पॉवरचे बटण दाबू नये. त्यानंतर लिंक स्टेटच्या दोन्ही सेटिंग आधी होत्या तशा पुन्हा चालू कराव्यात आणि मगच लॉग पाहावा. त्या बंदच राहिल्या तर नोंदी येणारच नाहीत, आणि ती शांतता नव्या बायोसची की तुमच्या सेटिंगची, ते ना तुम्हाला कळेल ना सर्व्हिस सेंटरला. मूळ सेटिंगवर, बॅटरीवर, निवांत ठेवूनही लॉग रिकामा राहिला तर विषय संपला. नाहीच राहिला, तर वॉरंटीत वायफाय कार्ड बदलून मागावे, आणि शक्य असल्यास वेगळ्या बनावटीचे मागावे, कारण तेच फर्मवेअर असलेले तसेच कार्ड पुन्हा बसवले तर बहुधा तीच नोंद पुन्हा वाचावी लागेल.